एका हाताचा पुशअप आणि रबरी बँडची मदत : सोलापुरातील एका कटिंग मास्टरचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ ३७ वर्षांचे असून सोलापूरच्या पूर्वभागात शाळेचे गणवेश तयार करणाऱ्या एका कारखान्यात कापड कापण्याचे काम करतात. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कारखान्यात सगळे त्यांना ‘मास्टर’ म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन वापरले आहे. मी याच भागात पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटा व्यायामवर्ग चालवतो. मास्टर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ६६ किलो होते.

त्यांच्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, तालमीशी जुना संबंध होता आणि मास्टरांनीही लहानपणी तांबड्या मातीत जोर-बैठका काढल्या होत्या. अप्पा एका हाताने जोर काढत असत, असे घरात सांगितले जाई. त्याची खातरजमा आता करता येण्यासारखी नव्हती, परंतु मास्टरांच्या मनात ती गोष्ट राहिली होती आणि वयाची चाळिशी येण्याआधी आपणही एका हाताचा पुशअप करावा, अशी त्यांची साधी आणि मनापासूनची इच्छा होती.

त्यांच्या कामाचा तपशील येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे सारा गुंता त्यातूनच निर्माण झाला. टेबलावर कापडाचे अनेक थर पसरून त्यांवर उभ्या पात्याचे विजेचे मशीन चालवले जाते. उजवा हात मशीनची मूठ धरून ते पुढे ढकलतो आणि डावा हात कापड दाबून सरळ ठेवतो. एरवी हे काम दिवसाला आठ तास चालते; पण शाळा जूनच्या मध्यावर सुरू होत असल्यामुळे मार्चअखेरीपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते अकरा-बारा तासांवर जाते. मास्टरांनी पहिल्याच दिवशी हे मला सांगितले होते आणि मी ते वहीत लिहूनही घेतले होते. मात्र त्या नोंदीचा आराखड्यात उपयोग केला नाही.

अडचण नेमकी कोणती होती

मास्टर एका दमात ४० जोर काढत असत. त्यामुळे एका हाताच्या पुशअपचा पाया आपोआप तयार असेल असे त्यांना वाटत होते, आणि प्रथमदर्शनी मलाही वाटले. परंतु तालमीतला जोर आणि सरळ पुशअप यांत फरक आहे. जोरात कंबर वर असते, छाती कमानीतून खाली सरकत पुढे जाते आणि शरीर मागे घेताना भार पायांकडे जातो. हातावरचा भार सतत बदलत राहतो आणि मध्ये मध्ये विसावाही मिळतो. सरळ पुशअपमध्ये डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका फळीसारखे राहते आणि हातांवरचा भार एकदाही सुटत नाही. छाती जमिनीला टेकवून, कंबर न झुकवता पुशअप करायला सांगितले तेव्हा मास्टरांचे १८ झाले. जोरांची संख्या कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. खांदा आणि पाठ मोकळी ठेवण्यासाठी जोरासारखा व्यायाम क्वचितच सापडेल. मात्र तो वेगळ्या कामाचा आहे.

साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग दोन्ही हातांवर मिळून येतो आणि छाती खाली गेल्यावर हा वाटा आणखी वाढतो. एक हात उचलला की तो सगळा भार एकाच हातावर येतो, म्हणजे त्या हातासाठी तो एका क्षणात दुप्पट होतो. त्यातच शरीर मोकळ्या बाजूला वळू पाहते आणि ते वळणे पोट, पाठ व कुल्ल्यांच्या स्नायूंना रोखून धरावे लागते. दोन हातांचे ५० पुशअप करणाऱ्यालाही अनेकदा एका हाताचा एकही जमत नाही, याचे कारण बहुधा या दुसऱ्या गोष्टीत असते.

विचारात घेतलेले पर्याय

आमच्यासमोर चार मार्ग होते. पहिला म्हणजे हात टेबलावर, मग बाकावर, मग पायरीवर ठेवून उंची हळूहळू कमी करत जाणे. यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही आणि प्रगती सेंटिमीटरमध्ये मोजता येते. दुसरा म्हणजे मोकळ्या हाताची बोटे चेंडूवर टेकवून थोडी मदत घेणे. पण त्या बोटांनी किती भार उचलला हे कोणालाच कळत नाही आणि थकवा आला की ती मदत नकळत वाढते. तिसरा मार्ग केवळ सावकाश खाली जाण्याचा आणि वर येताना दोन्ही हात वापरण्याचा. त्याने ताकद लवकर वाढते, पण कोपरावर ताण अधिक येतो.

चौथा मार्ग बँडचा. सुमारे १०४ सेंटिमीटर लांबीचा रबरी वेढा वरच्या आडव्या बारला अडकवायचा आणि छातीखालून घ्यायचा, म्हणजे तो शरीराला वर ओढतो. रबर जितके ताणले जाते तितके ते जोराने ओढत असल्यामुळे छाती जमिनीजवळ असताना मदत सर्वाधिक आणि हात सरळ होताना सर्वांत कमी मिळते. पुशअपचा खालचा टप्पाच सर्वांत कठीण असल्यामुळे ही मदत हवी तेथेच मिळते. शिवाय पहिल्या दिवसापासून शरीर जमिनीला समांतर राहते, त्यामुळे वळणे रोखण्याचा सरावही मूळ स्थितीतच होतो.

आम्ही बँड निवडला. आज मागे वळून पाहताना निवड चुकली असे मला वाटत नाही, परंतु पहिला मार्ग पूर्णपणे बाजूला ठेवला, हे मात्र घाईचे होते.

मोजणीची पद्धत

बँडच्या वेष्टणावर जी किलोंची मर्यादा छापलेली असते, ती तो किती ताणला जातो यावर अवलंबून असते. आपल्या बारची उंची आणि आपल्या छातीची जाडी त्यात धरलेली नसते. म्हणून आम्ही घरगुती वजनकाटा वापरला. काट्यावर लहान फळी ठेवून मास्टरांनी दोन्ही हात एकमेकांजवळ तिच्यावर टेकले, पायांखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी दिली आणि वरच्या व खालच्या स्थितीत तीन-तीन सेकंद स्थिर राहून आकडा घेतला. दोन हातांवर मिळून येणारा भार हाच एका हातावर येणारा भार असल्यामुळे, एक हात उचलता येत नसतानाही तो आधी मोजता येतो.

पाय ९० सेंटिमीटर फाकवलेले असताना बँडशिवाय हातावरचा भार वर ४३ आणि खाली ४८ किलो आला. मध्यम, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर रुंदीच्या बँडने तो वर ३१ आणि खाली २९ झाला. बारीक, म्हणजे १३ मिलिमीटरच्या बँडने वर ३६ आणि खाली ३७. पायांच्या खुणा मास्टरांनी स्वतःच्या कामाच्या खडूने फरशीवर आखल्या, आणि त्यांच्या हाताला सवय असल्यामुळे त्या अत्यंत अचूक होत्या.

प्रत्यक्ष सराव : नोव्हेंबर ते मार्च

पहिले दोन महिने एक हात उचललाच नाही. दोन हातांचे स्वच्छ पुशअप ३० पर्यंत नेणे, एका कुशीवर शरीर सरळ धरून ठेवणे आणि जितके ढकलणे तितकेच ओढणे व्हावे म्हणून बारखाली लटकून छाती वर खेचणे, एवढाच कार्यक्रम होता. डिसेंबरअखेर ३० पुशअप झाले. आठवड्यातून तीन सकाळी सराव असे. नळाला पाणी येण्याची पाळी सकाळी पडली तर तो दिवस पुढे ढकलावा लागे. आमच्या भागातील प्रत्येक वर्गाला ही तडजोड करावीच लागते.

जानेवारीच्या सुरुवातीला मध्यम बँड घेतला आणि तेथेच पहिली चूक झाली. उघड्या अंगाला रबर घासते म्हणून मास्टरांनी बँड छातीऐवजी कमरेखालून घेतला आणि तसे करणे सोयीचे दिसल्यामुळे मी हरकत घेतली नाही. दोन आठवडे सगळे सुरळीत दिसत होते. मग एकदा बँड काढून दोन हातांचे पुशअप करायला सांगितले, तेव्हा डिसेंबरात कधीही न झुकलेली कंबर दहाव्या पुशअपला झुकली. काट्यावर पाहिले तर कमरेखालचा बँड खालच्या स्थितीत हाताचा भार १९ ऐवजी केवळ १२ किलोंनी कमी करत होता. पायाची बोटे हा टेकू धरला तर कमर त्या टेकूच्या जवळ आणि छाती दूर आहे; म्हणून तेच रबर छातीखाली असेल तर हाताला जवळपास पूर्ण मदत मिळते, आणि कमरेखाली असेल तर हाताची मदत घटते व धडाला मात्र फुकटचा आधार मिळतो. जे स्नायू शिकायला हवे होते, त्यांनाच आम्ही दोन आठवडे सुट्टी दिली होती.

त्यानंतर बँड छातीखाली, स्तनाग्रांच्या किंचित खालच्या पातळीवर घेतला आणि त्याखाली सोलापुरी टॉवेलची चौपदरी घडी ठेवली. दोन्ही काखांतून वर जाणारा वेढा मानेकडे सरकणार नाही, हे प्रत्येक सेटपूर्वी मी हाताने तपासत असे. वाचकांपैकी कोणी हा सराव करणार असेल तर त्याने ही तपासणी कधीही टाळू नये, आणि एकट्याने तर हा सराव सुरूच करू नये.

तंत्रातील तीन गोष्टींवर भर होता. पंजा खांद्याखाली नव्हे, तर किंचित आत, छातीच्या मध्याकडे यावा. कोपर बाहेर न फेकता बरगड्यांच्या जवळून मागे जावे. खाली जाण्याआधीच विरुद्ध पायाची मांडी व कुल्ला घट्ट करावा, म्हणजे उजव्या हाताच्या वेळी डावा पाय, कारण शरीराचे वळणे याच तिरप्या रेषेवर रोखले जाते. वळणे डोळ्यांनी नीट कळत नाही, म्हणून मास्टर आपली लाकडी मीटरपट्टी घेऊन आले. ती खांद्यांच्या पात्यांवर आडवी ठेवायची आणि घसरून पडली तर ते आवर्तन मोजायचे नाही, असा नियम ठरला. पहिल्या दिवशी उजव्या हाताची दोन आवर्तने मोजली गेली, डाव्याचे एकही नाही.

जानेवारीच्या मध्यावर श्री सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली. मास्टर दरवर्षी यात्रेत सेवा करतात, त्यामुळे सराव आठ दिवस बंद राहिला. खंड पडला म्हणून ते बेचैन होते, पण परत आल्यावर उजव्या हाताची चार आणि डाव्याची दोन आवर्तने पट्टी न पडता झाली. विश्रांतीत शरीर सावरते हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तरीही त्या अनुभवातून ठरावीक विश्रांतीचा आठवडा आराखड्यात घालावा, हे मला तेव्हा सुचले नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उजवा हात पाच सेटमध्ये प्रत्येकी पाच आणि डावा प्रत्येकी चार आवर्तने करू लागला.

निर्णायक चूक : मार्चअखेर

येथे आम्ही तीन गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या. मध्यम बँडवरून बारीक बँडवर गेलो, पायांतील अंतर ९० वरून ७५ सेंटिमीटर केले आणि मास्टरांच्या आग्रहावरून तीनऐवजी चार दिवस सराव ठेवला. त्याच आठवड्यात कारखान्यातील हंगाम सुरू झाला. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहिला तर योग्य होता आणि आवर्तनांच्या संख्येवरून ते पुढच्या टप्प्यासाठी तयारही दिसत होते. परंतु नोव्हेंबरच्याच आकड्यांवर नजर टाकली असती, तरी खालच्या स्थितीतील भार २९ वरून ३७ किलोंवर, म्हणजे एका दिवसात सुमारे २८ टक्क्यांनी वाढतो आहे, हे दिसले असते. बारबेलवर वजन वाढवताना कोणताही प्रशिक्षक अशी उडी मारू देणार नाही. रबराच्या रंगामागे ती उडी लपली आणि मीही ती पाहिली नाही.

एप्रिलच्या मध्यावर उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला आणि मनगटाच्या वरच्या अंगाला दुखू लागले. मास्टरांनी हे जवळजवळ अडीच आठवडे सांगितले नाही. विचारले की, “थोडं दुखतंय सर, पण चालतंय,” एवढेच ते म्हणत. मीही ‘थोडं’ म्हणजे किती, रात्री दुखते का, सकाळी मूठ घट्ट वळते का, असे पुढचे प्रश्न विचारले नाहीत. मेच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यात मशीनची मूठ धरणेही कठीण झाले, तेव्हा त्यांनी सगळे सांगितले. ज्या हातावर घर चालते तो हात छंदापायी दुखावला, याची मला त्या दिवशी जी खंत वाटली ती आजही कमी झालेली नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. बारीक बँड नोव्हेंबरपासून शेडमधील बारवरच टांगलेला असे आणि वर्गातील इतर मुलेही तो वापरत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक तापते. वापर, ऊन आणि घाम यांमुळे रबर थकते. बँड हातात घेऊन पाहिला तर बारला अडकवण्याच्या जागी बारीक चिरा दिसल्या. काट्यावर मोजले तेव्हा खालच्या स्थितीत तो ११ ऐवजी केवळ ८ किलोंची मदत देत होता. म्हणजे हातावर ३७ नव्हे, तर ४० किलो येत होते आणि मार्चअखेरची खरी उडी २८ नव्हे, तर सुमारे ३८ टक्क्यांची होती. बँड तुटला असता तर दुखापत याहून मोठी झाली असती. तो त्याच दिवशी कापून टाकला.

दुखण्यानंतरचे निर्णय

अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून कोपराच्या आतील बाजूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर, अतिरिक्त ताण आल्याचे सांगितले आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. आमच्यासमोर आता तीन पर्याय होते : हंगाम संपेपर्यंत सगळे थांबवणे, दोन्ही हातांचा एकहाती सराव बंद करून हलका व्यायाम ठेवणे, किंवा उजव्याला विश्रांती देऊन डाव्याचा सराव चालू ठेवणे.

पूर्ण थांबणे सर्वांत सुरक्षित दिसत होते. पण कारखान्यातील काम तर थांबणार नव्हते, त्यामुळे कोपराला खरी विश्रांती मिळणारच नव्हती आणि हळूहळू भार सोसण्याची सवय तेवढी गेली असती. तिसऱ्या पर्यायाबाबत मी साशंक होतो, कारण दोन्ही बाजूंत तफावत वाढेल अशी मला भीती वाटत होती. फिजिओथेरपिस्टना मात्र त्यात अडचण दिसली नाही. शेवटी आम्ही दुसरा आणि तिसरा मिळून मार्ग काढला : उजव्या हाताचे एकहाती काम बंद ठेवून टेबलावर दोन हातांचे सावकाश पुशअप व मनगटाचे हलके व्यायाम करायचे, आणि डाव्याला पुन्हा नव्या मध्यम बँडवर आणून आठवड्यातून दोनच दिवस सराव द्यायचा. दुखणे दहापैकी तीनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यावे, ही मर्यादा ठरली. मास्टर रोज सकाळी तो आकडा मला फोनवर सांगू लागले आणि या वेळी आकडा लपवला गेला नाही.

पंजा सपाट ठेवल्याने मनगट पूर्ण मागे वाकते, म्हणून तळव्याखाली उतरता लाकडी ठोकळा दिला आणि तळव्याची मागची बाजू थोडी उंच केली. कारखान्यातील मशीनच्या मुठीवर मास्टरांनी कापडाची जाड पट्टी गुंडाळली, कारण बारीक मूठ घट्ट आवळून धरावी लागते आणि तो ताण थेट कोपराच्या आतल्या बाजूला जातो. माझ्या मते या एका पट्टीने आमच्या सगळ्या व्यायामाइतकाच उपयोग केला.

दोन बँडमधील मोठी दरी भरून काढण्याचा उपाय मात्र संपूर्णपणे मास्टरांचा. बार आणि बँड यांच्यामध्ये न ताणणारी पट्टी घातली तर रबर कमी ताणले जाईल आणि मदत कमी होईल, हे मी समजावून सांगत असतानाच त्यांनी खिशातून टेप काढली. दुसऱ्या दिवशी ते जाड नवारीचे दोन फास शिवून घेऊन आले. एक २५ आणि दुसरा ५० सेंटिमीटरचा, दोन्हींच्या जोडावर चौकोनी आणि मध्ये फुलीची शिलाई. मी त्या फासांना स्वतः लटकून पाहिले, मगच वापरायला घेतले. नव्या बँडसह पुन्हा मोजणी केली, तेव्हा खालच्या स्थितीतील भाराच्या पायऱ्या अशा आल्या : मध्यम बँडवर २९ किलो, तोच २५ च्या फासाने ३३, ५० च्या फासाने ३७, बारीक बँड २५ च्या फासाने ३९ आणि ५० च्या फासाने ४२, आणि अखेरीस बँडशिवाय ४८. आता कोणतीही पायरी १५ टक्क्यांहून मोठी नव्हती.

नियमही बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बँड दर महिन्याला काट्यावर तपासायचा आणि वापरानंतर पुसून डब्यात ठेवायचा. पाच सेटमध्ये प्रत्येकी चार आवर्तने, खाली एक सेकंद थांबून आणि पट्टी न पडता, सलग तीन सत्रांत झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचे नाही. आणि दर चौथा आठवडा हलका ठेवायचा.

परिणाम

हंगाम संपल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उजव्या हाताने सर्वांत खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. डावा हात तोपर्यंत ३३ किलोंवर पोहोचला होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका ढगाळ सकाळी, मास्टरांनी डाव्या हाताने बँडशिवाय पहिला पूर्ण पुशअप केला. पाय ९० सेंटिमीटरवर होते, छाती मुठीच्या अंतरापर्यंत खाली गेली आणि पट्टी पाठीवर राहिली. दोघांपैकी कोणालाही आधी डाव्या हाताने यश येईल असे वाटले नव्हते. जानेवारीत तो हात मागे होता.

ऑक्टोबरअखेर स्थिती अशी होती : डाव्या हाताची बँडशिवाय दोन आवर्तने, उजव्या हाताची ४२ किलोंच्या पायरीवर प्रत्येक सेटमध्ये तीन. कोपराचे दुखणे शून्य ते एक यांदरम्यान होते आणि मनगटाची कोणतीही तक्रार नव्हती.

डाव्या-उजव्यातील हा उलटफेर मला या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग वाटतो. मार्चअखेरची घोडचूक दोन्ही हातांच्या बाबतीत सारखीच झाली होती : तोच थकलेला बँड, तेवढीच उडी, तेवढेच वाढलेले दिवस. डाव्या हाताने ती निमूटपणे सोसली आणि उजव्याने सोसली नाही. दोन्ही हातांत मोठा फरक होता तो दिवसाच्या उरलेल्या अकरा-बारा तासांत कोणता हात मशीनची मूठ आवळून धरत होता, याचा. एका माणसावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही, हे खरे. पण कंडरेला व्यायाम आणि नोकरी यांत भेद करता येत नाही, तिच्या दृष्टीने दोन्ही एकाच खात्यावर जमा होते. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, कंडरा त्यापेक्षा बराच वेळ घेतात, आणि म्हणून ‘जमते आहे’ ही भावना कोपर तयार होण्याच्या बरीच आधी येते.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या दिवशी वहीत लिहिलेली हंगामाची नोंद हाच आराखड्याचा कणा व्हायला हवा होता. मार्चअखेर ते जून हा काळ केवळ मिळवलेले टिकवून ठेवण्याचा मानला असता आणि पुढची पायरी जूनअखेरीवर ढकलली असती, तर बहुधा दुखणे झाले नसते आणि एकूण वेळही वाया गेला नसता. इतर व्यवसायांतील लोकांसाठीही मी आता हाच प्रश्न आधी विचारतो : यंत्रमागावर, बांधकामावर किंवा संगणकापुढे, हा हात दिवसभर काय करतो आणि वर्षातील कोणत्या महिन्यांत अधिक करतो?

दुसरे, टेबल आणि पायऱ्या यांचा मार्ग मी बँडच्या जोडीला सुरुवातीपासून ठेवला असता. बँड धडाला थोडासा तरी आधार देतोच आणि दोन्ही बाजूंनी वर ओढत असल्यामुळे वळणेही काही अंशी कमी करतो. त्यामुळे आठवड्यातील एक दिवस बँडशिवाय, हात उंचावर ठेवून केलेला एकहाती पुशअप ही एक प्रामाणिक चाचणी ठरली असती. कमरेखालच्या बँडची चूकही त्यामुळे दोन आठवड्यांऐवजी पहिल्याच आठवड्यात लक्षात आली असती.

तिसरे, दुखणे विचारण्याची पद्धत. ‘चालतंय’ हे उत्तर आपल्याकडे कष्ट करणारा प्रत्येक माणूस देतो, कारण काम थांबवणे त्याला परवडत नाही आणि तक्रार करणे त्याला शोभत नाही असे वाटते. रोजचा आकडा मागितला असता तर तो संकोच आड आला नसता. मेनंतर आम्ही तेच केले. ते जानेवारीतच करता आले असते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नव्हता.

एका गोष्टीबाबत माझे मत अजून पक्के झालेले नाही. उजव्याला विश्रांती असताना डाव्याला पुढे जाऊ दिले, त्याने मास्टरांचा उत्साह टिकला आणि उद्दिष्टही पूर्ण झाले. पण दोन्ही हातांत आता एका पायरीचे अंतर पडले आहे. ते भरून येईपर्यंत डाव्याचा सराव आठवड्यातून एकदाच ठेवला आहे. उजव्या हातासाठी ४२ नंतरची ४८ किलोंची पायरी जानेवारीतील यात्रेच्या विश्रांतीनंतर, म्हणजे हंगामाला पुरेसा अवकाश असताना, घ्यायची असे ठरले आहे. आणि त्या मधल्या पायरीसाठी मास्टर आता ७५ सेंटिमीटरचा तिसरा फास शिवत आहेत.